पायपेटीवरचा नी

बँड सरांना मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, पियानो बिघडलाय. आणि मी ते तसं तोंडावर सांगून टाकलं. बेळगावच्या लष्करी कॅम्पातल्या त्या शाळेत इतिहास शिकवायला लागून मला आठवडाही झाला नव्हता. मधल्या सुट्टीत संगीताच्या खोलीवरून जाताना आतून दोन सूर ऐकू आले. एकमेकांच्या इतके जवळ, की खेटून उभे राहून एकमेकांना ढकलतायत असं वाटावं. दारातून पाहिलं तर पियानोपुढं ताठ पाठीचा एक उंच माणूस. पांढऱ्या मिशा, पायात आरशासारखे काळे बूट.

"सर, पियानो दुरुस्तीला आलाय वाटतं," मी म्हटलं.

त्यांनी मान वळवली नाही. तेच दोन सूर परत दाबले. "पियानो ठीक हाय, बाई. त्यो माणूस घर सोडून चाललाय. जाताना दार सरळ लागतंय व्हय?"

मी निपाणीची. आई तंबाखूच्या वखारीत, वडील हमाल. आमच्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे सांगायला मी लाजत नाही. गाणं म्हणजे काय हे मला वस्तीतल्या भीमगीतांनी शिकवलं होतं आणि जयंतीला रात्रभर वाजणाऱ्या बेंजोनं. त्यात असली ढकलाढकली नव्हती. म्हणून सरळ विचारलं, "कुठला माणूस?"

"बसा," ते म्हणाले.

त्यांनी तीन पट्ट्या एकदम दाबल्या. "ह्ये घर. खाली बा, मधी आई, वर पोरगं. आता बगा." मधलं बोट तेवढं उचललं आणि शेजारच्या काळ्या पट्टीवर ठेवलं, अर्धी पायरी खाली. बाकीची दोन बोटं जागची हलली नाहीत. "बा तितंच, पोरगं तितंच. आई जराशी खाली बसली. साऱ्या घराचं तोंड उतारलं का न्हाय?"

उतरलं होतं. मला ते स्पष्ट ऐकू आलं, आणि आपल्याला ऐकू आलं याचंच मला नवल वाटलं.

त्यांचं नाव भरमाण्णा. कंग्राळीचे, शेतकऱ्याघरचे. पोरसवदा वयात फौजेत गेले आणि तिथं हातात बंदुकीपेक्षा क्लॅरिनेट जास्त वेळ राहिली. बँडच्या शाळेत पाठवलं तेव्हा पियानो शिकले, कागदावरचे सूर वाचायला शिकले, आणि सूर एकावर एक रचून घरं कशी बांधायची तेही. पेन्शनीत आल्यावर कॅम्पात आमच्या शाळेत लागले. पोरं त्यांना बँड सर म्हणायची, मग आम्हीही.

फौजेनं दिलेल्या दोन सवयी त्यांच्या अंगाला कायमच्या चिकटल्या होत्या. पोरानं चूक केली की ते रागवायचे नाहीत. फक्त "जैसे थे" म्हणायचे, म्हणजे मागं जा, पहिल्यापासून. आणि कुणाबरोबरही चालायला लागले की दोन पावलांत आपलं पाऊल बदलून समोरच्याच्या पावलाशी जुळवून घ्यायचे. मी भरभर चालते. बस स्टॉपपर्यंत जाताना शेजारी तो बूट माझ्या चपलेबरोबर पडत राहायचा, आणि त्यांना ते कळतही नसायचं.

जे त्या दिवशी वाजवत होते ते दोन पानांचं होतं. शंभर वर्षांमागं युरोपातल्या कुणी एकट्या पियानोसाठी लिहिलेलं. लिहिणाऱ्याचं नाव मला कधी नीट म्हणता आलं नाही. सर त्याला "आमचा सायेब" म्हणायचे. बँडच्या शाळेतल्या म्हाताऱ्या उस्तादांनी निघताना त्यांना ते कागद दिले होते. सुरुवातीला बा, आई, पोरगं असं नीट तिघांचं घर. मग वरचा सूर अर्धी पायरी सरकतो, मग आणखी, आणि परत येतच नाही. खालचा बा मात्र एकच सूर धरून बसलेला, पार शेवटपर्यंत. मधली आई आधी त्याच्या मागं जाऊ बघते, मग थकते, मग गप्प होते. शेवटी वरचा सूर हिंडून हिंडून परत घराजवळ येतो आणि एक पायरी अलीकडं थांबतो. आपल्या भाषेत सांगायचं तर खाली सा, वर नी. आणि तिथंच संपतं.

"असं कुठं असतंय का?" मी म्हटलं. "नी वर कुणी सोडतं?"

"आमच्या सायेबानं सोडलंय."

"आणि ही गोष्ट? ती कागदावर लिहिलीय?"

"न्हाय. कागदावर सूर हायत. गोष्ट माझी."

"मग तुम्ही पदरचं सांगताय की."

"व्हय," ते हसले. "पण ह्ये सूर वाजवून, माणूस घरला पोचला म्हणून दाखवा बगू."

वर्गात ते असंच शिकवायचे. त्या दोन पानांच्या मध्यावर एक जागा आहे, तिथं डावा हात एक सा धरून आणि उजवा भलताच सा धरून चालतो. आठवीतल्या एका पोरीनं विचारलं, "सर, ह्ये चुकतंय न्हवं?"

"कोण चुकतंय? डावा हात बेळगावात बसून सांगतोय, मी घरात हाय. उजवा कोल्हापुरातनं सांगतोय, मी घरात हाय. दोगंबी खरं बोलत्यात."

मागच्या बाकावरून आवाज आला, "मग मधली निपाणी कुटं सर?"

"ते आपल्या इतिहासाच्या बाईंना इचारा. त्यास्नीबी ठावं नसंल."

महिनाभर पोरं मला व्हरांड्यात गाठून निपाणी कुठल्या हातात म्हणून विचारत होती.

त्यांचा खरा राग मी एकदाच पाहिला, गॅदरिंगला. प्रिन्सिपल मॅडमनी त्यांना सगळ्यांना आवडेल असं काहीतरी वाजवायला सांगितलं होतं. हॉलमध्ये जवानांच्या बायका, कॅम्पातले दुकानदार, कंग्राळी-सांबऱ्याकडनं आलेले पालक. सरांनी आपली दोन पानं काढली. लोक शहाण्यासारखे गप्प बसले. शेवट आला. खाली सा, वर नी. सरांनी हात मांडीवर ठेवले.

कुणी टाळी वाजवली नाही. कशी वाजवणार? नी वर सोडलेलं गाणं संपलं असं इकडं कुणाला वाटणार? सगळे थांबून राहिले. माझ्या मागून कुणी पुटपुटलं, "इसरलं बगा म्हातारं." सर हलले नाहीत. पियानोचा सूर आपला विरत विरत चालला होता.

आणि बायकांच्या खुर्च्यांतून कुणीतरी सा लावला.

जाड, मोकळा, भजनात तापलेला आवाज. सारा हॉल एकदम श्वास सुटल्यासारखा हलला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. सर उठले, सलाम ठोकला, आणि पडद्यामागं निघून गेले. सा लावणारी बाई होती गंगाक्का, त्यांची बायको. कंग्राळीच्या बायकांच्या भजनी मंडळात पुढं बसणारी.

बस स्टॉपला मी त्या दोघांना गाठलं. अक्का पिशवी घेऊन पुढं, सर मागं. त्या दिवशी त्यांचं पाऊल कुणाशी जुळत नव्हतं.

"अवो, लोकं कवर बसणार तशी?" अक्का म्हणत होत्या. "टाळ्या तर मिळाल्या न्हवं?"

"मला टाळ्या नको हुत्या."

"मग काय पायजे हुतं?"

सर माझ्याकडं वळून म्हणाले, "बाई, त्या एका पायरीसाठी मी दोन पानं वाजवतोय. आन् हिनं साऱ्या शाळेदेखत ती पायरी मोडली."

मला ते फार वाटलं. एका सुरावरून माणूस इतका दुखावतो? मी तसं म्हणणार होते, पण अक्कांच्या चेहऱ्याकडं पाहून थांबले.

पुढं एकदा सुट्टीच्या दिवशी त्यांनी मला जेवायला बोलावलं. कंग्राळीत गावाच्या कडेला कौलारू घर, परड्यात दोन म्हशी. सोप्यात एक पायपेटी. खानापूरकडची एक नाटक मंडळी बंद पडली तेव्हा सरांनी ती उचलून आणली होती. पेटीचा भाता पायानं हलवायचा, म्हणजे दोन्ही हात मोकळे. ते बूट काढून बसले आणि अनवाणी पायांनी भाता मारत तीच दोन पानं वाजवायला लागले.

पियानोवर जे टोचायचं ते इथं दुखायला लागलं, कारण सूर विरतच नव्हते. शेवटी खाली सा, वर नी. आणि पाय चालूच. नी तसाच लोंबकळत राहिला. "पियानोवर शेवटचा सूर आपला आपण मरतोय," भाता मारत सर म्हणाले. "हितं त्येला मारावा लागतोय. पाय थांबवायचा म्हंजे मारायचाच."

आतून, चुलीपुढून, अक्कांनी सा लावला.

सरांचा पाय थांबला. "लावला," ते कपाळावर हात मारून म्हणाले. "जल्मभर हिचं ह्येच."

मी हसले आणि आत भाकऱ्यांना हात लावायला गेले. अक्कांनी मला लावू दिला नाही. पाटावर बसवून म्हणाल्या, "तुमास्नी त्येंनी काय सांगितलंय, त्यो नी म्हंजे काय?"

"माणूस घराच्या एक पायरी अलीकडं थांबला."

"आदी असं सांगत नव्हते." त्यांनी भाकरी उलटली. "आमचं लगीन झालं तवा ह्येच वाजवायचे. म्हणायचे, गंगे, जवान सुट्टीवर आलाय. दारात हुबा हाय. आतनं कडी काढायची तेवढी ऱ्हायलीय. म्हणून मी सा लावायची. कडी मी काढायची, बाई. त्योच खेळ हुता आमचा."

"मग बदललं कधी?"

"परशा गेल्यावर."

परशराम त्यांचा एकुलता एक. फौजेत जायचं म्हणून गावातल्या पोरांबरोबर रोज पहाटे रस्त्यानं पळायचा. कॅम्पात भरती निघाली. पळण्यात तो पुढं आला, आणि डॉक्टरांनी तळवे सपाट म्हणून काढून टाकला. सपाट तळव्याला फौजेत जागा नाही. घरी आला तेव्हा सर शाळेतून आले होते. "त्या दिशी त्ये त्येला काय बोलले न्हाईत," अक्का म्हणाल्या. "रागावले न्हाईत, जवळबी घेतलं न्हाय. पेटीवर बसले. पोरगं हितं, ह्या उंबऱ्यावर, ऐकत बसलं."

दुसऱ्या दिवशी पहाटे तो उठला आणि सवयीनं पळायला गेला. भरती संपली होती, तरी गेला. बरोबरची पोरं परत आली. तो आला नाही.

शोधायचं तेवढं शोधलं. स्टेशन, पोलीस, मिरज, पुणे, हॉटेलांचे भटारखाने. कुणी गोव्यात पाहिला म्हणालं, तिथं जाऊन आले. त्याचं कुठंच काही निघालं नाही, ना बरं, ना वाईट.

"तवापासनं त्ये म्हणत्यात, पायरीवर थांबलाय," अक्का म्हणाल्या. "सूर त्येच. मी कडी काढली की मातर आता त्येंना राग येतोय."

परत जाताना सर मला वेशीपर्यंत पोचवायला आले. अक्का काय बोलल्या ते त्यांना कळलं असावं. म्हणाले, "त्यो संगं चालला की माझं पाऊल कदी जुळायचं न्हाय, बाई. सपाट पाय फत् फत् पडायचा. मी चिडायचो. पायात दोष हाय म्हणून न्हवं, ताल धरत न्हाय म्हणून." वेशीशी येऊन ते थांबले. "कवातरी त्येच्या पावलानं चालायला पायजे हुतं."

त्यानंतर काही वर्षांनी एका शनिवारी अक्कांचा फोन आला. "बाई, उद्या येऊन जावा. तुमी शिकलेल्या. तुमचं ऐकत्यात त्ये."

गेले तर सोप्यात भाऊकी बसलेली. सरांचे थोरले भाऊ, सगळे त्यांना आण्णा म्हणत, ते बोलत होते. परशाला जाऊन बारा वर्षं झाली. बारा वर्षं ज्याचा पत्ता नाही त्याचा दर्भाचा पुतळा करून नदीवर अग्नी द्यायचा, दिवस घालायचे, ही त्यांच्यातली रीत. भटजींशी बोलणं झालं होतं. राहिलं होतं ते सरांचं हो म्हणणं.

"जीव गेलाय म्हणून तुला कुणी सांगितलं?" सर म्हणाले.

"तूच की," आण्णा म्हणाले. "गावभर पेटी बडवून सांगतोस, गेलं ते माघारी आलं न्हाय."

"आलं न्हाय म्हणतो, मेलं म्हणत न्हाय. थांबलंय. थांबलंय त्येला संपलं कसं म्हणायचं?"

मला वाटलं अक्का सरांच्या बाजूनं बोलतील. कडी काढणारी बाई ती. पण दाराच्या चौकटीला टेकून त्या म्हणाल्या, "तुमचं थांबतंय त्ये पेटीत. माझं हितं थांबतंय," आणि गळ्याला हात लावला. "कुत्रं भुकलं की उटती. म्हस हालली की उटती. कडी काडून काडून हात दमला माझा. एक तर त्यो यावा, न्हायतर जावा. मला कायतरी एक द्या."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. "बाई, तुमी सांगा."

मी जे मला वाटतं तेच बोलले. "सर, आम्ही बुद्ध मानणारी माणसं. असले विधी आमच्यात नाहीत, आणि मला पटतही नाहीत. गवताच्या पुतळ्यानं परशाचं काही बरं होईल असं मी म्हणणार नाही. पण अक्का झोपत नाहीत, हे मला दिसतंय."

सर पेटीकडं पाहत राहिले. मग आण्णांना म्हणाले, "कवा करायचं?"

मार्कंडेय नदीवर गावातल्या बायका गेल्या नाहीत. मी गेले, लांब बाभळीखाली उभी राहिले, कुणी अडवलं नाही. भटजी दर्भाच्या काड्या बांधून पुतळा करत होते. डोकं झालं, हात झाले, मग दोन जुड्या पायांच्या म्हणून बांधल्या. सर गुडघ्यावर बसून पाहत होते.

"जैसे थे," ते एकदम म्हणाले.

भटजींनी मान वर केली. त्यांना काही कळलं नाही.

"पाय परत करा. तळव्याला जरा खोलगटी द्या."

"अहो, दर्भ आहे हा. त्याला कुठली खोलगटी—"

सरांनी त्यांच्या हातातून जुडी घेतली. काड्या एकेक करून वाकवल्या, दोऱ्यानं ताणून बांधल्या, आणि तळव्याखालून बोट घालून पाहिलं. बोट आरपार गेलं. मग दुसरा पाय. आण्णा घाई करत नव्हते. दोन्ही पाय मनासारखे झाल्यावर सरांनी पुतळा दोन्ही हातांवर घेऊन सरणावर ठेवला आणि अग्नी दिला. दर्भ वाळलेला होता. बोलता बोलता जळून गेला.

त्या रात्री अक्का सकाळी म्हशी ओरडेपर्यंत झोपल्या, असं त्यांनीच मला नंतर सांगितलं. सांगताना त्यांचा चेहरा उजळ होता. मला त्याचं बरं वाटलं, आणि बरं वाटायला नको होतं असंही नाही वाटलं.

सरांनी त्याच वर्षी शाळा सोडली. शाळेत त्यांनी ती दोन पानं परत काढली नाहीत. शेवटचे महिने पोरांकडून कवायतीच्या धुनी बसवून घेतल्या. आता संगीताच्या खोलीत विजेवरचा कीबोर्ड आहे. पियानोवर गॅदरिंगचे पडदे घडी करून ठेवतात.

शाळा सोडली त्यानंतरच्या उन्हाळ्यात सर गेले, झोपेत. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या काही महिने आधी, दिवाळीनंतरच्या एका दुपारी. त्यांच्या गल्लीत वळले तेव्हाच पेटी ऐकू आली. दाराशी पोचले आणि थांबले, कारण शेवट जवळ आला होता. बूट उंबऱ्याशी, पूर्वीसारखे चकचकीत. खालचा बा आपला सूर धरून बसलेला. आई गप्प झाली. वरचा सूर हिंडून आला, आणि थांबला.

खाली सा, वर नी.

आत चुलीपुढं भाकरी थापल्याचा आवाज येत होता. सरांनी मान किंचित तिकडं केली. पाय चालू होते. नी लोंबकळत राहिला. मी मनातल्या मनात म्हटलं, आता लावतील. थापण्याचा आवाज जरा थांबला, बहुतेक भाकरी तव्यावर गेली. मग दुसरी थापायला घेतली.

सर वाट पाहत होते. इतकी वर्षं ज्यावरून भांडले, ते आतून यायची वाट पाहत होते.

अक्का पदराला हात पुसत बाहेर आल्या. मी दिसल्यावर हसल्या. "बाई, कवा आलासा? बसा की. च्या टाकती." पेटीचा नी त्यांच्या शेजारी एवढा मोठ्यानं वाजत होता, पण त्यांचं तिकडं लक्षच नव्हतं. त्यांच्या घरात आता कुणी दाराशी उभं नव्हतं.

मी चहा घेतला नाही, बस गाठायची आहे म्हटलं. सरांनी पेटीवरून मान हलवून निरोप घेतला. हात पट्ट्यांवरच होते. मी गल्लीतून भरभर चालत निघाले. कोपऱ्यावर वळले तरी तो नी मागून येतच होता. भाता मारणारे पाय थांबले नव्हते.